पोलोचे घोडे वर्षाच्या भाड्यानं सोलापुरात आणावेत का?

प्रश्न असा आला आहे. विचारणारा सोलापूरचा, वय 26, घरचा टॉवेलचा कारखाना. पुण्यात शिकताना घोड्यावर बसायला लागला, तिथून पोलोची, म्हणजे घोड्यावरून लांब काठीनं चेंडू मारायच्या खेळाची, चटक लागली. आता घरी परतलाय. राजस्थानातला एक घोडेवाला त्याला पोलोचे दोन घोडे वर्षभरासाठी द्यायला तयार आहे. दोन्हींचे मिळून तीन लाख, दाणा-वैरण घेणाऱ्याची. अक्कलकोट रस्त्याला चार एकर जमीन आहे, तिथं पागा बांधायचा विचार आहे. वडील म्हणतात, एवढ्या पैशात घोडा विकत येईल, भाड्यानं कशाला? आणि मुलगा विचारतो, तीन लाख हा भाव बरोबर आहे का?

माझ्याबद्दल दोन ओळी, म्हणजे मी कुठून बोलतोय ते कळेल. मी बार्शीकडचा. तरुणपण घोडदळात गेलं, नंतरची वीसेक वर्षं दुसऱ्यांच्या पोलोच्या पागा सांभाळण्यात. जयपूरची 61वी घोडदळ रेजिमेंट 1953 साली उभी राहिली. तिच्यात राजपूत आणि कायमखानी (राजस्थानातला मुसलमान समाज) यांच्याबरोबर मराठेही भरती होतात. आपल्याकडच्या खेड्यातली पोरं पोलोच्या मैदानापर्यंत पोचली ती बहुतेक अशीच, मागच्या दारानं. घोडे भाड्यानं घेतले, दिले, दुसऱ्यांचे करार वाचले आणि एकदा चांगला हातही पोळून घेतला. ते पुढं सांगतो.

तीन लाख ही रक्कम घोडा दारात येईपर्यंतची आहे. खरा खर्च त्यानंतर सुरू होतो. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला, असलं हे प्रकरण आहे. त्यामुळं भाव बरोबर की चूक हे नुसत्या तीन लाखांवरून सांगता येत नाही.

आधी भाड्याचा घोडा म्हटल्यावर आपल्या डोळ्यांपुढं काय येतं ते बघा. सोलापुरात घोडा भाड्यानं घ्यायचा म्हणजे वरातीला. घोडी सजून येते, नवरदेव बसतो आणि लगाम मालकाच्या पोराच्या हातात असतो. बँड, फटाके, नाचणारे मामा, काहीही होवो, तो पोरगा लगाम सोडत नाही. त्यात घोडीची झीज जवळजवळ नसतेच. पोलोत मालक लगाम तुमच्या हातात देऊन मैदानाबाहेर उभा राहतो. त्याचा घोडा तुम्ही ताशी पन्नास किलोमीटरच्या आसपास पळवता, भरधाव असताना दाबून थांबवता, जागच्या जागी वळवता, दुसऱ्या घोड्याच्या खांद्याला खांदा भिडवता. तसं भिडवायला नियमात परवानगी आहे. काठीचा फटका चुकला तर तो चेंडूऐवजी त्याच घोड्याच्या पायाच्या नळीवर बसतो. म्हणून या भाड्यात वैरणीचा वाटा थोडा असतो, जोखमीचा जास्त. शिवाय शर्यतीतून निघालेलं जनावर पोलोला तयार व्हायला दोन-तीन वर्षं जातात. त्या वर्षांचे पैसेही मालक भाड्यातच काढतो, आणि त्यात त्याचं काही चुकत नाही.

पोलोच्या खर्चाचं माप चक्कर. इंग्रजांनी त्याचं 'चकर' केलं, पण शब्द आपलाच. सात मिनिटांनी घंटा होते, त्यानंतर चेंडू खेळता असेल तर आणखी तीस सेकंद, म्हणजे साडेसात मिनिटांचा एक डाव. आपल्याकडच्या साध्या सामन्यात चार चक्कर असतात, मोठ्या स्पर्धांत जास्त. एक घोडा लागोपाठ दोन चक्कर खेळवत नाहीत. पहिल्यात एक, दुसऱ्यात दुसरा, तिसऱ्यात परत पहिला. चार चक्करच्या सामन्याला दोन घोडे जेमतेम पुरतात. राखीव एकही राहत नाही. हे लक्षात ठेवा, पुढं लागणार आहे.

आता हिशेब मांडू. आकडे मी सोयीसाठी गोल धरलेत, तुम्ही तुमच्या गावचे भाव टाका. समजा एका घोड्याचा दाणा, वैरण, खाली पसरायचा भुसा मिळून महिन्याला 15,000. दोन घोड्यांमागं एक मोतद्दार, म्हणजे घोड्यांची देखभाल करणारा, त्याच्या पगाराचा अर्धा वाटा 7,500. नाल साधारण पाच आठवड्यांनी बदलावे लागतात, आणि पोलोचा नालबंद सोलापुरात बसलेला नाही, बाहेरून यायचा, म्हणून 1,500 धरले. जंताचं औषध, लसी, मलमं, पायाच्या पट्ट्या यांचे 2,000. झाले 26,000. वर्षाचे 3,12,000, दोन घोड्यांचे 6,24,000. त्यात भाड्याचे तीन लाख मिळवा: 9,24,000. पागेचं बांधकाम, ट्रक, खोगीर-लगाम यात नाहीत.

आणि एवढ्यात खेळणार किती? आपल्याकडं पोलो मुख्यतः हिवाळ्यातला. जोधपूरचा हंगाम डिसेंबरात, जयपूरचा जानेवारीपासून, मुंबईत महालक्ष्मीच्या रेसकोर्सवर हिवाळाभर. उन्हाळ्यात घोडे नाल काढून मोकळे सोडतात, आणि परत खेळायला काढायचे तर सहा ते आठ आठवडे आधी चालवून, मग दुडक्या चालीनं, अंग कसून घ्यावं लागतं. नोकरी-धंदा सांभाळून सोलापुरातला माणूस वर्षात 12 सामने खेळला तर मी पाठ थोपटीन. 12 सामने, प्रत्येकी चार चक्कर, 48 झाले. 9,24,000 भागिले 48 म्हणजे एका चक्करला 19,250 रुपये. साडेसात मिनिटांचे.

हा आकडा कागदावर लिहा. मग ज्या क्लबांत चक्करच्या हिशेबानं घोडा मिळतो तिथं फोन करून भाव विचारा. त्या भावात बहुधा खोगीर, मोतद्दार आणि घोडा मैदानाच्या कडेला आणून उभा करणं आलेलं असतं, पण विचारून घ्या. सरावाच्या चक्करचा भाव वेगळा, स्पर्धेचा वेगळा. दोन्ही आकडे शेजारी ठेवले की तुमच्या प्रश्नाचं निम्मं उत्तर तुम्हीच द्याल.

उरलेलं निम्मं, म्हणजे घोडं खरं पेंड खातं ते इथं: घोडा लंगडला तर?

माझा हात पोळला तो यातच. एका हौशी मालकासाठी मी एक कुमेत रंगाची घोडी हंगामाच्या भाड्यानं ठरवली. देणारा ओळखीचा, म्हणून नीट न तपासता ट्रक बोलावला. घोडी पहाटे साडेचारला उतरली, अंधार होता, मी मोबाईलच्या उजेडात पाय बघत होतो. पुढच्या डाव्या पायाची मागची शीर (रक्ताची नव्हे, स्नायू हाडाला जोडणारी), गुडघ्याखालून खुरापर्यंत जाते ती, तिच्यावरून हात फिरवला तर मध्यावर दोन बोटं रुंदीची जागा कोमट लागली. दुसऱ्या पायाची तीच जागा गार होती. अठरा तासांचा प्रवास झालाय, पाय भरला असेल, असं मी स्वतःलाच सांगितलं. रात्रभर पट्टी बांधली, सकाळी सूज उतरलेली. तिसऱ्या आठवड्यात, दुसऱ्या सामन्याच्या चौथ्या चक्करमध्ये घोडी तीन पायांवर थांबली. तपासलं तेव्हा शीर फाटलेली. देणारा म्हणाला, माझ्याकडून धडधाकट गेली. माझ्याकडं ना उतरतानाचा व्हिडिओ, ना डॉक्टरचा कागद. फाटलेली शीर भरायला नऊ महिने ते वर्ष लागतं. हंगाम चार महिन्यांचा होता. तोपर्यंतचा खुराक आणि डॉक्टर माझ्या मालकानं भरला, आणि त्यातला काही माझ्या पगारातून गेला, ते योग्यच होतं. त्या दिवसापासून मी अंधारात घोडा उतरवून घेत नाही.

तुमच्या दोन घोड्यांना हे लावून बघा. चार सामने झाल्यावर एक लंगडला. उरलेल्या आठ सामन्यांत तुमच्याकडं एकच घोडा, म्हणजे दोनच चक्कर. एकूण 48 ऐवजी 32. खर्च तोच, कारण लंगडा घोडाही तेवढंच खातो. एक चक्कर गेलं 28,875 वर, आणि राहिलेल्या चक्करांसाठी भाड्याचा घोडा शोधायचाच. म्हणून म्हटलं, राखीव घोडा नाही हे लक्षात ठेवा.

त्यामुळं करार करायचाच असेल तर रकमेची घासाघीस करण्याआधी लंगडण्याचं कलम बघा. पंधरा दिवसांपेक्षा जास्त घोडा बसला तर मालक बदली देणार की भाडं थांबणार की काहीच नाही, हे एका वाक्यात लिहिलेलं हवं. 'परस्पर सामंजस्यानं ठरवू' हे वाक्य दिसलं की समजा, ते नुसते कागदी घोडे आहेत. देताना आणि परत करताना त्याच डॉक्टरनं तपासावं, दोघांना न ओळखणाऱ्या डॉक्टरनं तर उत्तम. कडक जमिनीवर सरळ दुडक्या चालीत नेताना-आणताना समोरून आणि मागून व्हिडिओ काढावा. विमा कोण काढणार आणि घोड्याची किंमत किती धरणार हे लिहावं. मेल्याचा विमा वेगळा आणि निकामी झाल्याचा वेगळा, ही गोष्ट बरेच जण अपघातानंतर शिकतात. आठवड्याला किती चक्कर, तुमच्याशिवाय कोण बसणार, लगामाची तोंडातली कडी बदलायची की नाही, हेही लिहा. आणि एक अवघड कलम, जे लिहायला कुणालाच आवडत नाही: पाय मोडला तर घोड्याला कायमचं शांत करायचा निर्णय कुणी आणि किती वेळात घ्यायचा. मालक राजस्थानात, घोडा सोलापुरात, फोन लागत नाही, आणि जनावर तडफडतंय, अशी वेळ मी बघितली आहे.

रक्ताच्या तपासण्या विसरू नका. ग्लँडर्सचा अहवाल नसलेला घोडा फुकट दिला तरी घेऊ नका. हा रोग माणसालाही होतो, कायद्यानं कळवावा लागतो आणि बाधित निघालेलं जनावर मारावंच लागतं. अशा तपासण्यांचं काम हिसारचं राष्ट्रीय अश्व संशोधन केंद्र करतं. एक घोडा बाधित निघाला तर तो एकटा जात नाही, आसपासच्या सगळ्या घोड्यांच्या हालचालीवर बंधनं येतात. तुमच्या शेजारच्या वरातीवाल्याचा ऐन लग्नसराईतला धंदा तुमच्या हौसेपायी बसायला नको. सर्रा हा चावणाऱ्या माश्यांमुळं पसरणारा ताप, त्याचीही तपासणी सांगा.

जमिनीचं म्हणाल, तर पोलोचं मैदान 300 यार्ड लांब आणि कडेला फळ्या लावल्या तर 160 यार्ड रुंद. म्हणजे जवळजवळ दहा एकर, तेही सपाट आणि हिरवळीचं. तुमची आहे चार, आणि ती काळी असेल तर उन्हाळ्यात घोड्याचा खूर अडकेल एवढ्या भेगा पडतात आणि पावसाळ्यात घोडाच रुततो. ज्या शहरात नळाला काही दिवसांआड पाणी येतं तिथं दहा एकर हिरवळ भिजवणं मला तरी झेपणार नाही, मनालाही. चार एकरात होईल ते छोटं मैदान, तीन-तीन खेळाडूंचं, मोठ्या हवा भरलेल्या चेंडूनं खेळायचं. त्याला साधारण 300 फूट बाय 150 फूट, म्हणजे एकरभर जागा लागते, मुरूम आणि वाळू टाकून चालते. पण सहा खेळाडू आणायचे कुठून?

वैरणीत सोलापूरकराची एक हमखास चूक होते, म्हणून सावध करतो. आपण ज्वारीच्या मुलखातले. मंगळवेढ्याची मालदांडी, तिचा कडबा, बैल त्यावर ठणठणीत राहतो, मग घोडा का नाही? पूर्ण वाळलेला कडबा कुट्टी करून थोडा चालतो, मुख्य वैरण म्हणून नाही. हिरवी ज्वारी मात्र घोड्यापुढं टाकूच नका. ती खाऊन घोड्याच्या मागच्या पायांतलं बळ जातं आणि लघवी थेंब-थेंब गळत राहते. एकदा झालं की तो घोडा परत खेळण्यासारखा होणं कठीण. माळशिरस-अकलूजकडं उसाचं वाढं स्वस्त मिळतं, त्यावरही पोलोचं जनावर पोसता येत नाही. आणि मोतद्दाराला बजावून ठेवा, कोंबडीचं किंवा गुरांचं खाद्य घोड्याच्या तोबऱ्यात जाता कामा नये. त्यात काही वेळा मोनेन्सिन नावाचं औषध मिसळलेलं असतं. कोंबडीला ते मानवतं, घोड्याचं हृदय बंद पाडतं. लसूणघास ठिबकवर आपल्याकडं छान येतो, तेवढा एक फायदा आहे. ओट मात्र बाहेरून आणायचे, आणि पोटशूळ उठला तर रात्री दोनला घोड्याचा अनुभव असलेला डॉक्टर गाठायचा. आपले डॉक्टर म्हशी-बैलांत वाकबगार आहेत, त्यात शंका नाही. पण पायाच्या शिरेची सोनोग्राफी करायची तर पुण्याकडं बघावं लागतं, अडीचशे किलोमीटर.

बरं, घोडे सोलापुरात ठेवून खेळायला कुठं नेणार? मुंबई चारशे किलोमीटर. ट्रकमधून उतरलेला घोडा त्याच दिवशी खेळवायचा नसतो, दोन दिवस तरी द्यावे लागतात. मग तुम्ही म्हणाल, हंगामात तिकडंच ठेवतो. ठेवा, पण मग अक्कलकोट रस्त्याच्या पागेचं काम काय?

वडिलांचं म्हणणं, विकत का नको? त्यांच्या हिशेबी डोक्याला मी मान देतो, आणि पुण्याचा शर्यतीचा हंगाम संपला की निवृत्त घोडे खरंच स्वस्तात मिळतात. पण वरच्या हिशेबातून फक्त तीन लाख वजा होतात, 6,24,000 तसेच राहतात, आणि हा घोडा पोलो शिकलेला नसतो. तुम्ही नवखे, घोडाही नवखा. आंधळ्याच्या खांद्यावर पांगळा तरी वाट दाखवतो, इथं दोघंही आंधळे. बाजारात घोडा बघायचा म्हणून अकलूजला जाणार असाल तर जरूर जा, मी दरवर्षी जातो. पण तिथं अंगावरच्या केसांचे भोवरे आणि रंग बघून किंमत ठरते, मान किती उंच धरतो आणि नाचतो कसा हे बघतात. पोलोला नाचणारा घोडा नको असतो, थांबणारा हवा असतो.

तरी घोडा घरी असावासा वाटत असेल तर एक तिसरा प्रकार आहे, त्याबद्दल कुणी मोठ्यानं बोलत नाही. पंधरा-सोळा वर्षांची, पुष्कळ खेळलेली घोडी काही मालक नुसत्या पोटावर देतात, भाडं शून्य. त्यांना तिला विकायचंही नसतं आणि उभी ठेवून खायलाही घालवत नाही. तिला वेग राहिलेला नसतो, पण चेंडू कुठं जाणार हे तुमच्याआधी तिला कळतं. मी बघितलेले चांगले खेळाडू अशाच एखाद्या म्हातारीच्या पाठीवर शिकले. वजन मात्र बघा: खोगिरासकट स्वार घोड्याच्या वजनाच्या पाचव्या हिश्शाच्या वर जाऊ नये. साडेचारशे किलोची घोडी असेल तर सगळं मिळून नव्वद किलो.

तुमच्या जागी मी असतो तर पहिलं वर्ष असं काढलं असतं. दोन घोडे आणण्यापेक्षा एक स्वार नेणं स्वस्त. रात्री सिद्धेश्वर एक्स्प्रेसनं निघा, सकाळी मुंबईत उतरा, ठरवलेले दोन चक्कर खेळा, रात्री परतीची गाडी. असं महिन्यातून दोनदा. जानेवारीत कारखान्यातून पंधरा दिवस मिळाले तर जयपूरला राहून रोज भाड्याच्या घोड्यावर बसा, दर वेळी वेगळा घोडा मागा. पंधरा घोड्यांवर बसल्याशिवाय आपल्याला कोणता घोडा मानवतो ते कळत नाही, आणि ते कळल्याशिवाय वर्षाचा करार करणं म्हणजे मुलगी न बघता साखरपुडा. राजस्थानातल्या त्या माणसाला नाही म्हणू नका. पुढच्या वर्षी चार महिन्यांचा करार कराल का, घोडे तुमच्याच पागेत ठेवाल का, एवढं विचारून ठेवा. तयार झाला तर माणूस कामाचा.

आणि सोलापुरात उरलेले दिवस हात बसवायला लाकडी घोडा करून घ्या. हसू नका, मोठमोठे खेळाडू त्यावर सराव करतात. जाळीची खोली, चारी बाजूंनी आत उतरती जमीन, मधे लाकडी घोडा. मारलेला चेंडू उतारावरून आपोआप परत पायाशी येतो. गावात जुन्या मागांचं सागवान अजून मिळतं, सुतारही आहेत. त्याला पाठ जमिनीपासून पाच फूट धरायला सांगा, कारण पोलोचा घोडा 15 हात उंचीचा आणि घोड्याच्या मापातला हात चार इंचांचा. पाठीला गोलाई द्यायला सांगा, नाहीतर खोगीर सरकतं. मान पुढं हवीच, ती नसली तर फटका घोड्याच्या तोंडावर कधी बसला असता ते कळणार नाही. काठी 51 किंवा 52 इंचांची घ्या, आणि उजव्या हातानंच. डावखुरे असाल तरी, पोलोत डाव्या हाताला मनाई आहे.